मुदत ठेव, ठेव प्रमाणपत्र आणि रोखे : लहान गुंतवणूकदाराने काय पाहावे?

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहपतिपुत्राला गृहस्थाचा धर्म समजावून सांगितला आहे. त्यात मिळकतीच्या वाटणीचाही विचार आहे. मिळकतीचे चार भाग करावेत, एका भागात संसार चालवावा, दोन भाग कामधंद्यात घालावेत आणि चौथा भाग अडचणीच्या दिवसांसाठी राखून ठेवावा, असा त्याचा आशय होय. अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाला तथागतांनी याच विषयावर उपदेश केला आहे. तेथे कष्टाने मिळविणे ही पहिली संपदा सांगितली असून मिळविलेले राखणे, म्हणजे आरक्खसंपदा, ही दुसरी सांगितली आहे.

पहिली संपदा आपल्या समाजाने गेल्या दोन-तीन पिढ्यांत मोठ्या जिद्दीने साध्य केली. शिक्षण घेतले, नोकऱ्या मिळविल्या, घरे बांधली. दुसऱ्या संपदेकडे मात्र आपले पुरेसे लक्ष नाही, असे आम्हाला बँकेच्या काउंटरवर बसून अनेक वर्षे दिसत आले आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत हा साधा विषय घेतला आहे. सभासदांना आणि विशेषतः विद्यार्थ्यांना तो उपयोगी पडावा, एवढाच हेतू आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी एक उपासिका आमच्या काउंटरवर आल्या. पती नगरपालिकेत सफाई कामगार होते. त्यांच्या निधनानंतर मिळालेली ग्रॅच्युइटीची रक्कम एका ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून एका पतसंस्थेत ठेवली होती. बँकेपेक्षा दोन टक्के व्याज जादा मिळणार होते. पुढे त्या संस्थेचे शटर उतरले. मुलीच्या नर्सिंगच्या फीची मुदत जवळ आली, तेव्हा त्या पावती घेऊन आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, ही पावती तुमच्या बँकेत चालंल का? सही-शिक्का सगळं हाय."

सही-शिक्का सगळे होते, हे खरे. पण तो शिक्का कोणाचा, हा प्रश्न पैसे देताना त्यांना कोणी विचारायला शिकविला नव्हता. त्यांना "चालणार नाही" असे सांगताना आम्हाला जे वाटले, त्यातूनच हा लेख लिहिला गेला आहे.

आपण आता धनको आहोत

आपल्या वाडवडिलांची नावे सावकाराच्या वहीत ऋणको म्हणून होती. आज आपण बँकेत ठेव ठेवतो किंवा रोखा घेतो तेव्हा चित्र उलटे असते. आपण पैसे देणारे, म्हणजे धनको असतो आणि बँक, कंपनी किंवा सरकार ऋणको असते. "बँकेत पैसे ठेवले" असे आपण म्हणतो. वास्तविक ते बँकेला उसने दिलेले असतात. मुदत ठेव, ठेव प्रमाणपत्र, बाँड, डिबेंचर ही नावे निरनिराळी असली तरी मुळात ही सर्व कर्जेच आहेत, आणि ती आपण दिलेली आहेत.

सावकार कर्ज देताना जमीन पाही, बैलजोडी पाही, जामीन मागे. त्याची निर्दयता आपण घेऊ नये. सावधपणा मात्र जरूर घ्यावा. धनकोने तीन प्रश्न विचारायचे असतात. पैसे कोणाला देत आहोत? ते केव्हा आणि कसे परत मिळतील? आणि घेणाऱ्याने दिले नाहीत तर कोण देईल? व्याज किती, हा प्रश्न चौथा. आपण बहुतेक जण चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, तेथेच चूक होते.

मुदत ठेव

मुदत ठेव, म्हणजेच एफ. डी., सर्वांच्या परिचयाची आहे. ठरलेली रक्कम, ठरलेली मुदत आणि ठरलेला दर. एक लाख रुपये सात टक्क्यांनी पाच वर्षांसाठी ठेवले आणि दर तीन महिन्यांनी व्याज उचलले, तर दर वेळी रु. १,७५० मिळतात आणि पाच वर्षांत एकूण रु. ३५,००० होतात. व्याज न उचलता मुद्दलात मिळवत गेल्यास पाच वर्षांनी सुमारे रु. १,४१,४७८ हाती येतात. हा चक्रवाढीचा फायदा होय.

येथे एक युक्ती लक्षात ठेवावी. रु. ४१,४७८ ला पाचने भागून काही जण "वर्षाला ८.३ टक्के उत्पन्न" अशी जाहिरात करतात. हिशेब खोटा नाही, पण दर सातच टक्के आहे. दोन ठिकाणांची तुलना करताना दोन्हीकडचा मूळ दर आणि व्याज किती महिन्यांनी मुद्दलात मिळते, हे विचारावे.

अडचण आली तर ठेव मुदतीपूर्वी मोडता येते. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आदेशानुसार व्यक्तींच्या एक कोटी रुपयांपर्यंतच्या ठेवींना ही सोय द्यावीच लागते. कर वाचविण्यासाठी ठेवलेली पाच वर्षांची ठेव मात्र मोडता येत नाही. ठेव मोडल्यास बँक सामान्यतः ती जितके दिवस राहिली त्या मुदतीचा दर धरते आणि वर थोडा दंड कापते. म्हणून सर्व रक्कम एकाच पावतीत अडकवू नये. दीड लाख रुपये असतील तर पन्नास-पन्नास हजारांच्या तीन पावत्या एक, दोन आणि तीन वर्षांच्या कराव्यात. दर वर्षी एक पावती मोकळी होते. गरज असेल तर ती वापरावी, नसेल तर पुन्हा तीन वर्षांसाठी ठेवावी.

ठेवीचा विमा

आता तिसरा प्रश्न. बँकच बुडाली तर? १९६० साली केरळमधील पलाई सेंट्रल बँक बंद पडली आणि त्यानंतर १९६२ पासून आपल्या देशात ठेव विमा सुरू झाला. आरंभी विम्याची मर्यादा केवळ रु. १,५०० होती. १९९३ मध्ये ती एक लाख झाली आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये झाली. हा विमा व्यापारी बँका, स्मॉल फायनान्स बँका, ग्रामीण बँका आणि सहकारी बँका यांतील ठेवींना आहे. त्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदाराला काही द्यावे लागत नाही.

मर्यादेचा अर्थ नीट समजून घ्यावा. पाच लाख म्हणजे एका ठेवीदाराचे एका बँकेतील सर्व शाखांमधील मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख. मुद्दल रु. ४,८०,००० आणि साचलेले व्याज रु. ३०,००० असेल, तर एकूण रु. ५,१०,००० पैकी विम्याचे रु. ५,००,००० च मिळतील. त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत पावती केल्याने संरक्षण वाढत नाही, दुसऱ्या बँकेत केल्याने वाढते. आपल्या संस्थांच्या कोषाध्यक्षांनीही हे ध्यानात घ्यावे. विहाराच्या बांधकामाचे आठ लाख रुपये एकाच लहान बँकेत असतील तर त्यातील तीन लाखांना विमा नाही. चार-चार लाख दोन बँकांत ठेवल्यास ती उणीव भरून निघते.

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. पैसे असून औषधाला नाहीत, अशी लोकांची अवस्था झाली. पुढे २०२१ मध्ये कायदा बदलला. आता असे निर्बंध आल्यास विम्याची रक्कम नव्वद दिवसांत देण्याची तरतूद आहे.

पतसंस्थांना मात्र हा विमा नाही. बिगर-बँक वित्त कंपन्यांच्या आणि इतर कंपन्यांच्या ठेवींनाही तो नाही. सर्वच पतसंस्था वाईट असतात असे आमचे म्हणणे मुळीच नाही. बँकेने दारात उभे केले नाही अशा अनेकांना पतसंस्थेनेच पहिले कर्ज दिले. पण तेथे ठेव ठेवायची तर सभासद म्हणून वार्षिक अहवाल मागावा, लेखापरीक्षणाचा वर्ग पाहावा, थकबाकी किती आहे ते विचारावे आणि जी रक्कम गेल्यास घर कोलमडेल ती तेथे ठेवू नये.

ठेव प्रमाणपत्र म्हणजे काय?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना "सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट" हा शब्द पुस्तकात भेटतो आणि त्यांचा गोंधळ उडतो. त्याचे कारण असे की, अमेरिकेत आपल्या एफ. डी. सारख्या सामान्य ठेवीलाच हे नाव आहे. आपल्याकडे ठेव प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट आहे. रिझर्व्ह बँकेने ती १९८९ मध्ये सुरू केली. बँकेला थोड्या काळासाठी मोठी रक्कम हवी असते तेव्हा ती असे प्रमाणपत्र विकते. २०२१ च्या निर्देशांप्रमाणे त्याची किमान रक्कम पाच लाख रुपये असून पुढे पाच-पाच लाखांच्या पटीत ती वाढते. बँकांच्या प्रमाणपत्रांची मुदत सात दिवसांपासून एक वर्षापर्यंत असते, आणि ते कागदावर न मिळता डिमॅट खात्यातच मिळते.

हे प्रमाणपत्र बहुधा सवलतीच्या किमतीला विकले जाते. दर सात टक्के आणि मुदत एक वर्ष धरली, तर पाच लाखांचे प्रमाणपत्र सुमारे रु. ४,६७,२९० ला मिळेल आणि वर्षाने पूर्ण पाच लाख हाती येतील. मधला फरक रु. ३२,७१० हेच व्याज. एफ. डी. मोडता येते आणि तिच्यावर कर्जही मिळते. ठेव प्रमाणपत्र मुदतीआधी नको झाले तर बाजारात गिऱ्हाईक शोधावे लागते आणि त्यावर सहसा कर्ज मिळत नाही. एकूण पाहता ही मोठ्या संस्थांची आणि म्युच्युअल फंडांची वस्तू आहे. आपल्यासारख्यांना एफ. डी. पुरेशी आहे. तरीही ती समजून घ्यावी, कारण "बँकेचे प्रमाणपत्र" असे शब्द वापरून कोणी दुसरेच काही विकू लागला, तर आपल्याला ओळखता आले पाहिजे.

रोखे आणि त्यांची तागडी

रोखा म्हणजे बाँड. समजा, हजार रुपयांचा, सात टक्क्यांचा, दहा वर्षांचा रोखा आपण घेतला. दर वर्षी सत्तर रुपये व्याज आणि दहा वर्षांनी हजार रुपये परत. शेवटपर्यंत थांबले तर हिशेब इतका सरळ आहे.

मध्येच विकायचा झाल्यास मात्र भाव बदलतो. समजा, रोखा घेतल्यावर लगेच बाजारातील दर आठ टक्के झाला. नवा रोखा ऐंशी रुपये देतो, आपला सत्तरच देतो. मग आपला रोखा कोणी हजाराला का घेईल? त्याची किंमत सुमारे रु. ९३३ वर येईल. उलट दर सहा टक्क्यांवर आला तर तोच रोखा सुमारे रु. १,०७४ ला जाईल. व्याजदर आणि रोख्याची किंमत ही तागडीची दोन पारडी आहेत. एक वर गेले की दुसरे खाली येते.

मुदत जितकी लांब तितका हा हेलकावा मोठा. दर सातवरून आठ झाला असता तीन वर्षांचा रोखा सुमारे रु. ९७४ वर थांबेल, तर तीस वर्षांचा सुमारे रु. ८८७ पर्यंत घसरेल. म्हणून दोन वर्षांनी मुलीच्या शिक्षणाला लागणारा पैसा तीस वर्षांच्या रोख्यात घालू नये, मग तो रोखा सरकारचा असला तरीही. परत मिळण्याची खात्री वेगळी आणि हव्या त्या दिवशी पूर्ण किंमत मिळण्याची खात्री वेगळी.

सरकारी रोखे

परतफेडीच्या दृष्टीने केंद्र सरकारचा रोखा सर्वांत भरवशाचा मानला जातो, कारण कर बसविण्याचा अधिकार सरकारकडे असतो. पूर्वी हे रोखे मुख्यतः बँका आणि विमा कंपन्यांसारख्या मोठ्या संस्था घेत. १२ नोव्हेंबर २०२१ पासून "रिटेल डायरेक्ट" या योजनेत सामान्य माणसालाही रिझर्व्ह बँकेकडे स्वतःचे रोखे खाते विनाशुल्क उघडता येते आणि दहा हजार रुपयांपासून रोखे घेता येतात. ९१, १८२ आणि ३६४ दिवसांच्या ट्रेझरी बिलांनाही तेथे अर्ज करता येतो. ही बिलेही वर सांगितलेल्या ठेव प्रमाणपत्राप्रमाणे सवलतीत मिळतात.

ज्यांना भावाच्या चढउताराची चिंता नको, त्यांच्यासाठी १ जुलै २०२० पासून सरकारचे बदलत्या दराचे बचत रोखे आहेत. किमान रक्कम एक हजार, मुदत सात वर्षे. व्याज दर सहा महिन्यांनी खात्यात जमा होते आणि दर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दरापेक्षा ०.३५ टक्के अधिक असा ठरतो. मात्र हे रोखे विकता येत नाहीत, तारण ठेवता येत नाहीत आणि मुदतीपूर्वी परत घेण्याची सवलत साठ वर्षांवरील नागरिकांनाच, तीही काही वर्षांनंतर मिळते. व्याज करपात्र आहे. तेव्हा सात वर्षे हात लावावा लागणार नाही एवढीच रक्कम येथे घालावी.

कंपन्यांचे रोखे

अलीकडे मोबाइलवर "दहा टक्के, बारा टक्के, दहा हजारांपासून" अशा जाहिराती दिसतात. पूर्वी खासगी पद्धतीने विकले जाणारे कंपनी रोखे मोठ्या रकमेचे असत. २०२४ मध्ये सेबीने काही अटींवर ही रक्कम दहा हजारांपर्यंत खाली आणण्यास परवानगी दिली. दार उघडले हे चांगलेच झाले, पण आत जाताना उंबरठा पाहून जावे.

सरकार सात टक्क्यांनी पैसे उचलत असताना एखादी कंपनी बारा टक्के का देते? तिला त्याहून स्वस्तात कोणी देत नाही म्हणून. जादा पाच टक्के हे जोखमीचे मोल आहे. एक लाखावर जादा मिळतात वर्षाला पाच हजार. एकदा मुद्दल बुडाले तर ते या जादा व्याजातून भरून काढायला वीस वर्षे लागतील.

कंपनीची पत मोजणाऱ्या संस्था असतात. क्रिसिल १९८७ मध्ये स्थापन झाली. नंतर इक्रा, केअर आदी आल्या. "ट्रिपल ए" ही सर्वोच्च श्रेणी. "ट्रिपल बी" च्या खाली सट्ट्याचा प्रदेश सुरू होतो आणि "डी" म्हणजे पैसे थकले. ही श्रेणी जरूर पाहावी, पण तिला ब्रह्मवाक्य मानू नये. आयएल अँड एफएस या बलाढ्य कंपनीला २०१८ च्या पूर्वार्धात वरची श्रेणी होती, सप्टेंबर २०१८ मध्ये तिचे हप्ते थकले. २०१९ मध्ये दिवाण हाउसिंग फायनान्स अडचणीत आली आणि अनेक सामान्य ठेवीदारांना व रोखेधारकांना पूर्ण मुद्दल परत मिळाले नाही. श्रेणी देणाऱ्यालाही उद्याचे दिसत नसते.

नावातील "बँक" या शब्दानेही फसू नये. मार्च २०२० मध्ये येस बँकेचे सुमारे ८,४१५ कोटी रुपयांचे "एटी-वन" रोखे शून्यावर आणले गेले. त्याच बँकेतील ठेवीदारांची रक्कम सुरक्षित राहिली. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरविला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. हे रोखे घेणाऱ्यांत निवृत्त माणसेही होती. बँक एकच, इमारत एकच, पण ठेव वेगळी आणि रोखा वेगळा.

महागाई आणि कर्ज

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा "द प्रॉब्लेम ऑफ द रुपी" हा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाने बाजारात काय आणि किती मिळते, त्याची ही खरेदीशक्ती स्थिर राहणे महत्त्वाचे आहे, हा त्यातील विचार आपल्या पासबुकालाही लागू पडतो. ठेवीवर सात टक्के मिळाले आणि वर्षात महागाई सहा टक्क्यांनी वाढली, तर खरी वाढ एकच टक्का, आणि त्यातूनही कर गेला तर त्याहून कमी. म्हणून ठेव ही अडचणीसाठीची शिदोरी आहे, श्रीमंत होण्याचा मार्ग नव्हे, हे मनाशी पक्के असावे.

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत कर्ज नसण्याचे सुख आहे. ज्याच्या डोक्यावर महिना दोन टक्क्यांचे, म्हणजे वर्षाला चोवीस टक्क्यांचे कर्ज आहे, त्याने सात टक्क्यांची ठेव ठेवणे हा तोट्याचा व्यवहार आहे. आधी कर्ज फेडावे, मग ठेवीकडे वळावे.

घरी करावयाच्या गोष्टी

सर्व पावत्या आणि रोखे यांची एक वही करावी आणि ती कोठे आहे हे घरातील दुसऱ्या माणसाला माहीत असावे. प्रत्येक ठेवीवर वारसाचे नाव लावावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चारपर्यंत नावे लावता येतात. आई-वडिलांची जुनी खाती विस्मरणात गेली असतील तर रिझर्व्ह बँकेच्या "उद्गम" या संकेतस्थळावर शोध घेता येतो. एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर बँकेला वर्षारंभी तसे घोषणापत्र द्यावे, म्हणजे व्याजातून कर कापला जात नाही. कोणी फसवणूक केल्याचे लक्षात आले तर लाजून गप्प बसू नये. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राचा १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे आणि पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा तक्रार घेते.

विद्यार्थ्यांनी एक स्वाध्याय करावा. घरातील एक पावती आई-वडिलांकडून मागून घ्यावी आणि कागदावर तीन उत्तरे लिहावीत : ऋणको कोण? पैसे केव्हा आणि कसे परत? त्याने न दिल्यास कोण देणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडले नाही तर ते बँकेत जाऊन विचारावे. विचारताना संकोच करू नये. काउंटरच्या अलीकडे बसणारा माणूस ऋणकोचा नोकर आहे आणि पलीकडे उभे असलेले आपण धनको आहोत. हे आम्ही काउंटरच्या अलीकडे बसूनच सांगत आहोत.

त्या उपासिकेची मुलगी पुढे नर्स झाली. फीचे पैसे नातेवाइकांनी आणि वस्तीतील लोकांनी उभे केले. पतसंस्थेतील रकमेपैकी काहीही परत मिळाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पहिल्या पगारातून त्या मुलीने आमच्याच शाखेत दोन हजारांची मुदत ठेव केली. पावती हातात घेण्यापूर्वी तिने विचारले, "दादा, याला विमा आहे ना?" तो प्रश्न तिच्या आईचे सारे पैसे गेल्यावर तिला कळला होता. आपल्या मुलामुलींना तो फुकट कळावा, एवढीच आमची इच्छा आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!